पाठीवरची रेघ

गेको, म्हणजे परदेशी पाली, पाळायचं खूळ आमच्या घरात मी आणलं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचेच्या पेट्या मी मांडल्या, त्यांच्या खाण्यासाठी झुरळं मी पोसली, "घरात पाली काय कमी होत्या?" ही बायकोची बोलणीही मीच खाल्ली. आणि नाव कुणाचं झालं? धाकट्या भावाचं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, माझं बघून शिकला, आणि आता लोक पिल्लांसाठी त्याच्या दारात उभे. माझ्या माद्यांची अंडी पोकळ निघायची. त्याच्याकडे पिल्लंच पिल्लं, आणि सगळी त्याच्या नरासारखी, मानेपासून शेपटीपर्यंत पांढरी रेघ असलेली. "धाकट्याच्या हाताला यश आहे," असं बाबा माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना सांगतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला एकच पिल्लू हवं होतं, माझ्या ठिपकेवाल्या नराचं. बाबांच्या नाकासमोर धरायला.

धाकट्याला ते कळलं असावं. एक दिवस तो स्वतःची मादी घेऊन आला.

"दादा, ही तुला. पण नर पुढच्या वर्षीच सोड. आधीच्या नराचं बीज ती पोटात महिनोन् महिने साठवून ठेवते."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, लेका, मला वर्षभर मागे ठेवायचा डाव आहे तर. त्याची पाठ वळताच मी तिला माझ्या नराच्या पेटीत सोडलं.

तिने दोन अंडी घातली. ती मी ओलसर भुसा भरलेल्या डब्यात ठेवली आणि प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने टिंब केलं, कारण अंडं उलटलं तर आतला जीव दगावतो. गिऱ्हाईक समोरची अक्षरं वाचत बसायचं आणि मी मागे जाऊन डब्यात डोकावायचो. एकाला बुरशी लागली. दुसऱ्याला एका सकाळी चीर गेली, इवलंसं नाक बाहेर आलं, आणि मला दम निघेना. पिल्लू पुरतं बाहेर यायच्या आत मी बाबांना आणि धाकट्याला फोन करून बोलावलं.

सगळ्यांच्या देखत ते बाहेर आलं. पाठीवर पांढरी रेघ.

"अरे, हे तर धाकट्याचंच," बाबा म्हणाले.

धाकट्याने एकदा माझ्याकडे बघितलं. नर मी लगेच सोडला होता, हे त्याला तेव्हाच समजलं.

"नाही हो बाबा," तो म्हणाला, "डोळे बघा ना. अगदी दादाच्या नराचे."

दोन्ही नरांचे डोळे सारखेच आहेत. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तो माझ्यासाठी खोटं बोलला, आणि त्याचा इतका राग मला आजवर कधीच आला नव्हता. चांगुलपणातही हाच पुढे.

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ते डब्यावर वाकले. चष्मा मीच करून दिलेला. त्यातून त्यांना ती रेघ स्वच्छ दिसत होती.