हिला चालत नाही

हेमलताबाईंच्या बाजूचं ऊन वेटरने रुमालासारखी घडी घालून नेलं, तेव्हा दिगंबरराव खांबेटे मेनूकार्डाकडे बघून नाक मुरडत होते. चर्चसमोरच्या चौकात मांडलेल्या टेबलांवर ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. त्यातून बाईंच्या खुर्चीएवढा चौकोन तेवढा निघाला, बाकी ऊन जागच्या जागी राहिलं. बाईंनी शाल पुढे ओढून घेतली आणि वेटरकडे पाहिलं. तो घडी काखेत मारून आत चालला होता.

वेटरची यात काही चूक नव्हती. आत बसणार की बाहेर, एवढंच त्याने विचारलं होतं, आणि दिगंबररावांनी सांगितलं होतं, "बाहेर बसू. पण हिला ऊन चालत नाही." सांगितलं मराठीत, आणि वेटरला कळलंही मराठीत. दिगंबररावांना त्याचं नवल वाटलं नाही. आपलं म्हणणं जगात सगळ्यांना कळतं, नाही कळलं तर समोरचा मठ्ठ आहे, अशीच त्यांची आजवरची समजूत होती, आणि सांगलीच्या विमा कचेरीत साहेब म्हणून निवृत्त होईपर्यंत तिला कुठे धक्का लागला नव्हता.

हे दोघं फ्रान्सला आले होते मुलीकडे. मृण्मयीला तिच्या शहरात आठवडाभर कामाची घाई होती, म्हणून तिने आईवडलांना आगगाडीत बसवून या छोट्या गावी धाडलं. नदी, पूल, चर्च, औषधाच्या दुकानाचा हिरवा दिवा आणि चारदोन रेस्टॉरंटं, एवढंच गाव. पण खाण्यासाठी लोक लांबून येतात, असं तिचं म्हणणं. स्टेशनवर तिने आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आई, तिथे तरी तुला हवं ते खा." हेमलताबाईंनी ते ऐकलं आणि मनात घट्ट धरून ठेवलं. हवं ते म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. पण भूक मात्र लागली होती, चांगली कडकडून.

वेटर परत आला. लांब नाकाचा, काळ्या जाकिटातला माणूस. गावाची सगळी अब्रू आपल्या नाकावर तोलून धरल्यासारखा चालायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघताना ती सांडू नये म्हणून मान जराही वाकवायचा नाही. त्याने दोघांपुढे ग्लास ठेवले.

"हिला हे चालत नाही," दिगंबरराव म्हणाले. ग्लास गेला.

काटे-सुऱ्या आल्या. "हिला सवय नाही याची." काटा गेला, सुरी गेली. चमचा तेवढा राहिला, कारण दिगंबररावांचं लक्ष तोवर पावाच्या टोपलीकडे गेलं होतं. पाव त्यांनी टेबलावर आपटून पाहिला आणि दगड म्हणून बाजूला ठेवला.

"मला चालेल की," हेमलताबाई म्हणाल्या. "सूप घेऊन बघते ना मी. कांद्याचं आहे."

"तुला माहीत नाही," दिगंबरराव हसून म्हणाले. "तुला त्रास होईल."

मग त्यांनी स्वतःसाठी बदक मागवलं. सांगलीत ते कांदा खातानासुद्धा चातुर्मास आहे का बघत. परदेशात आल्यापासून त्यांना सगळं चालू लागलं होतं. बदक आल्यावर त्यांनी बाईंकडे न बघता उजवा तळहात पसरला. ही त्यांची जुनी सवय. हात पसरला की त्यात जे हवं ते पडायचं: गोळी, चष्मा, रुमाल, बडीशेप. हेमलताबाईंनी पर्समधून लोणच्याची बाटली काढून त्या हातावर ठेवली. त्यांनी बदकावर लोणचं ओतलं, शेजारच्या टेबलावरची म्हातारी ते बघून शहारली, आणि दिगंबररावांना विजय मिळाल्यासारखं वाटलं.

खाताना त्यांनी बायकोला ज्ञान दिलं. काटा-सुरी ताटात तिरकी, फाकवून ठेवली की जेवण चालू आहे. शेजारी शेजारी, एकमेकांना चिकटून ठेवली की संपलं. "मग हे लोक विचारत नाहीत. सरळ उचलून नेतात. आपल्यासारखं घ्या हो, अजून थोडं घ्या हो, असलं काही नाही. माणुसकीच नाही." त्यांनी काटा-सुरी जुळवून ठेवली. वेटर आला आणि न विचारता ताट उचलून घेऊन गेला. ताटाच्या कडेच्या बटाट्याच्या दोन फोडी मात्र दिगंबररावांनी त्याआधी बाईंपुढच्या कागदावर काढून ठेवल्या होत्या. हे तुला चालेल, म्हणाले.

शहारलेल्या म्हातारीपुढे तेव्हा शेवटचं गोड आलं. खरवसासारखं काहीतरी पसरट वाटीत होतं आणि वर जाळलेल्या साखरेचा काचेसारखा पापुद्रा. म्हातारीने चमच्याने त्यावर टकटक केलं. पापुद्रा तडकला. तो आवाज हेमलताबाईंच्या पोटात जाऊन बसला. हवं ते म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी ते नदीकाठच्या रेस्टॉरंटात गेले. ते पहिल्यापेक्षा लहान होतं, आणि वेटर तोच होता. कालच्या ठिकाणी तो आत गेला होता, इथे आतून बाहेर आला. दिगंबररावांनी कपाळाला आठ्या घालून, एवढ्या गावात दुसरा माणूस मिळत नाही का, असं बायकोला विचारलं. आत चीजचा मोठा थाट मांडला होता, निळ्या बुरशीचे, राख फासलेले, वितळून ओघळलेले गोळे. दिगंबररावांनी रुमाल नाकाला लावला आणि जाहीर केलं की हिला असले वास अजिबात सहन होत नाहीत. वेटरने साखरेचा चिमटा आणला. तो बाईंच्या नाकपुडीशी नेऊन त्याने अलगद काहीतरी ओढून काढलं आणि बशीत घालून नेलं. दुखलं नाही. पण त्यानंतर चीजला वास उरला नाही, नदीला उरला नाही, आणि बाईंनी घाबरून आपली शाल हुंगली तर तिलाही नव्हता.

त्यांना रडू आलं. दिगंबररावांनी विचारलं, काय झालं, तर त्या म्हणाल्या, वास गेला. बरं झालं, ते म्हणाले, माझाही घालवून द्या म्हणावं, डोकं उठलंय. पण वेटर त्यांचं कधी काही नेत नसे. त्यांच्यावर स्वतःबद्दल 'नको' म्हणायची वेळच येत नव्हती.

निघताना वेटरने सांगितलं, उद्या कोकरू आहे, जागा राखून ठेवू का? दिगंबरराव म्हणाले, "एकच ठेवा. हिचा गुरुवार असतो."

वेटरने मान हलवली. टेबलावर कागदाचे थर अंथरलेले होते. बाईंच्या बाजूचा वरचा एक थर त्याने सोलून काढला आणि गुंडाळी करून नेला. त्या रात्री हेमलताबाई झोपल्या आणि उठल्या तेव्हा शुक्रवार होता. मधला दिवस त्यांच्या वाट्याला आला नाही. दिगंबररावांनी तो एकट्याने घालवला, कोकरू खाल्लं, तळहात पसरला तेव्हा त्यात काही पडलं नाही म्हणून थोडे चिडले, आणि खोलीवर येऊन झोपले. शुक्रवारी चहा घेताना त्यांनी तिला विचारलं ते एवढंच, की लोणच्याची बाटली कुठे ठेवलीस. गुरुवारी ती कुठे होती, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. हेमलताबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याची किळस आली. भीती, कंटाळा, कीव असं सगळं अधूनमधून येऊन गेलं होतं. किळस नवी होती. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही, पण आली ते त्यांना बरं वाटलं.

शुक्रवारचं रेस्टॉरंट जुन्या पाणचक्कीत होतं. दारातच पाटीवर खडूने नावं लिहून घेत होते. वेटरने दोन्ही नावं लिहिली. दिगंबरराव म्हणाले, "हिचं कशाला? माझं आहे ना." वेटरने बोटाने खालची ओळ पुसली आणि बोटाचा खडू पेल्यातल्या पाण्यात धुऊन टाकला. नाव गेलं. तसा या गोष्टीने फारसा फरक पडला नाही, कारण लग्नानंतर दिगंबररावांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. त्यांचं 'अगं'वर भागत होतं. बाईंनी मनातल्या मनात ते आठवून पाहिलं. जिभेवर येईल येईल असं वाटलं आणि आलं नाही. ते मृण्मयीच्या आईचं नाव होतं, इतकं आठवलं.

आत चार टेबलं होती. खुर्च्या गुबगुबीत होत्या, म्हणून दिगंबररावांनी सांगितलं की हिला मऊ खुर्ची मानवत नाही, कंबर धरते. वेटरने खुर्ची ओढून घेतली. बाई होत्या तशाच, त्याच उंचीवर, बसलेल्या राहिल्या. जरा अवघडल्यासारखं झालं, पण सवय झाली. नवऱ्याने ताटातल्या गाजराच्या चकत्या कागदावर काढून दिल्या, त्या त्यांनी खाल्ल्या. भूक काही शमली नाही. उलट जसजशी एकेक वस्तू कमी होत होती तसतशी भुकेला जागा मोकळी होत होती. ती आता पोटातून वर छातीपर्यंत आली होती, धष्टपुष्ट, आणि तिची बाईंना सोबत वाटू लागली होती.

शनिवारी जिथे गेले तिथे दोनच टेबलं होती, आणि दुसऱ्यावर कुणी नव्हतं. वेटरने त्या दिवशी एक वेगळी गोष्ट केली. त्याने आपलं नाक बाईंकडे वळवलं आणि विचारलं, "बाईंना काय आणू?"

बाईंनी तोंड उघडलं. साखरेच्या पापुद्र्याला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं, त्या शब्द जुळवत होत्या.

"तिला काय विचारता?" दिगंबरराव म्हणाले. "ती काही बोलायची नाही. मला विचारा."

वेटरने चांदीचं झाकण आणलं. ते बाईंच्या ओठांसमोर क्षणभर धरलं, खाली ताटली सरकवली आणि झाकणासकट उचलून नेलं. आतून बराच वेळ बारीक किणकिण ऐकू येत होती. मग स्वयंपाकघराचं दार लागलं. त्या दिवशी दिगंबररावांनी गोगलगायी खाल्ल्या, त्यांना नावं ठेवली, आणखी एक ताटली मागवली, आणि एकूण फ्रेंच माणूस कसा घाणेरडा, आळशी आणि उपाशी, यावर जेवण संपेपर्यंत बोलले. समोरून एकही शब्द येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला, तेव्हा त्यांनीच घेतला. आई मजेत आहे, म्हणाले.

रविवारी दुपारी गावात एकच रेस्टॉरंट उघडं होतं. त्यात एकच टेबल होतं. भिंती टेबलाला इतक्या लागून होत्या की दिगंबररावांना पोट आत घेऊन बसावं लागलं. त्यांच्या खुर्चीच्या पाठीला लागूनच स्वयंपाकघराचं दार होतं. दाराच्या काचेतून बाईंना आतलं फडताळ दिसत होतं. त्यावर त्यांचं ऊन घडी करून ठेवलेलं होतं, शेजारी कागदाची गुंडाळी, बशी, आणि ते चांदीचं झाकण. सगळं नीट लावून, धूळ पुसून ठेवलेलं. नवऱ्याने आपलं काही एवढ्या निगुतीने कधी ठेवलं नव्हतं, असं बाईंना वाटलं, आणि या माणसाबद्दलही फार चांगलं मत करून घ्यायला नको, असंही वाटलं. चोरांनासुद्धा फडताळं असतात.

दिगंबरराव जेवले. मासा बेचव होता, तो संपवला. सॉस म्हणजे पिठाची पेज होती, ती पावाने पुसून खाल्ली. काटा-सुरी त्यांनी फाकवून ठेवली, कारण ताटात अजून एक घास होता आणि तो त्यांना बोलून झाल्यावर खायचा होता. तोंड पुसत ते सांगू लागले की या गावात शेवटी काय मिळालं, काही नाही. सांगलीला गेल्यावर पहिल्यांदा आमटी-भात.

वेटर दार ढकलून आला. त्याच्या हातात पसरट वाटी होती, एकच. वर जाळलेल्या साखरेचा पापुद्रा चकाकत होता. त्याने ती बाईंपुढे ठेवली. कुणी मागवली नव्हती. पहिल्या दिवशी वेटरच्या हातून सुटलेला चमचा बाईंच्या उजव्या हाताशी होता.

दिगंबररावांनी वाटीकडे पाहिलं. मग बायकोकडे. बाईंना त्यांचा चेहरा पाठ होता. लग्नकार्यात, मुंजीत, विहिणीच्या घरी, कुणी वाढायला आलं की तो असाच सैल आणि प्रेमळ व्हायचा आणि मग वाक्य यायचं: हिला भूक नाहीये. ते वाक्य आता त्यांच्या घशात तयार होत होतं. ते बाहेर पडलं की वेटर चिमटा आणेल, किंवा झाकण, किंवा नुसते दोन हात, आणि छातीपर्यंत आलेली ती धष्टपुष्ट सोबतीण त्या फडताळावर जाऊन बसेल. बाईंची म्हणून तेवढीच राहिली होती. ती गेल्यावर न्यायला काही उरणार नव्हतं.

दिगंबररावांचं जेवण मनातून झालंच होतं. बोलायच्या आधी त्यांनी सवयीने, बाईंकडे न बघता, बडीशेपेसाठी तळहात पसरला.

बाईंनी पर्स उघडली नाही. त्यांनी नवऱ्याच्या ताटातला काटा उचलला, सुरी उचलली, कडेला टेकवून सॉस निथळू दिला, आणि दोन्ही त्या पसरलेल्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली, एकमेकांना चिकटवून.

"हिला..." दिगंबरराव म्हणाले, आणि हाताला गार लागलं म्हणून थांबले.

वेटर वळला. त्याने विचारलं नाही. आधी ब्रशने दिगंबररावांच्या शर्टावरचे पावाचे कण झाडले, मग दोन्ही हात त्यांच्या काखांखाली घातले. पाठीमागचं दार आपोआप उघडलं. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी चमचा उलटा धरला आणि साखरेच्या काचेवर टकटक केलं.