एका मापाची बाळं

शाळेचे गणवेश शिवणारी ती बाई तपासणीच्या टेबलावर आडवी झाली होती, नवरा शेजारी उभा होता. पाळीच्या हिशोबाने नऊ आठवडे झाले होते, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावरचं बाळ जेमतेम सात आठवड्यांचं भरत होतं.

"म्हणजे वाढ खुंटली," ती नवऱ्याचा हात आवळत म्हणाली.

"पाळी वेळेवर यायची का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! तिच्या मर्जीने यायची."

"मग तुमचाच हिशोब चुकलाय. ठोके बघा, कसे छान पडताहेत."

तिला ते पटेना. "मापावरून कुठे वय कळतं? एका वर्गातल्या दोन पोरांना एक सदरा बसत नाही!"

"ते पुढे. सुरुवातीला सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, म्हणून आत्ता वय कळतं. चुकलं तर चार-पाच दिवस इकडेतिकडे. नंतर कुणी आईवर जातं, कुणी बापावर. मग मापाचा भरवसा नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू."

बाहेर बाकावर सासूबाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. "बाळ बारीक आहे का गं?"

"नाही हो आई," ती डोळे पुसत हसली, "आपणच त्याला घाईने वरच्या वर्गात घातलं होतं."