बातमीदाराचं गुपित

त्या बालवाडीत शिपाई नव्हता, फोन नव्हता आणि भिंतीवरचं घड्याळ कायम सात मिनिटं मागे असायचं. चौदा मुलं, एक बाई आणि एक मावशी, एवढाच सगळा संसार. बाईंना तिथे चोवीस वर्षं झाली होती. मावशींना सव्वीस. ही वरची दोन वर्षं मावशी प्रत्येक भांडणात पुढे करायच्या.

मुलांची डोकी मोजणं बाईंना मुळीच आवडत नसे. "ती काय गोदामातली पोती आहेत?" असं त्या म्हणत. त्यांची पद्धत जोड्यांची होती. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. अंगणातून आत येताना दारात मावशी उभ्या राहायच्या आणि जोडीतल्या एकाने दुसऱ्याबद्दल सांगायचं, "आहे." चार वर्षांच्या पोराला स्वतःचं नाक पुसायचं भान नसतं, पण जोडीदाराची दुसरी चप्पल कुठे राहिली ते त्याला नेमकं ठाऊक असतं. बाईंनी हे स्वतः पाहून ठरवलं होतं, आणि चोवीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

त्या वर्षी भिंगरीची जोडी होती बातमीदाराशी. ही नावं मावशींनी ठेवलेली. भिंगरी एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. आणि बातमीदार घरचं शाळेत आणि शाळेतलं घरी इमानेइतबारे पोचवायचा. "आमच्या बाबांनी आजीची कवळी लपवली." "आई रडली, मग हसली, मग दूध उतू गेलं." त्याच्या पोटात काही म्हणून राहत नसे.

सोमवारी बाईंनी सगळ्यांच्या हातांचे ठसे ओल्या मातीच्या थाळ्यांवर उठवून घेतले. थाळ्या वाळवायला मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवल्या. एरवी ती खोली कुलपात असायची, पण हवा खेळती राहावी म्हणून आठवडाभर दार उघडं ठेवलं. शनिवारी आईबाबांना थाळ्या द्यायच्या, तोवर घरी ब्र काढायचा नाही. बाई गमतीगमतीत म्हणाल्या, "अगदी मी विचारलं तरी सांगायचं नाही हं! कुणी म्हणजे कुणालाच नाही." मग मावशींना पुढे करून त्यांनी परीक्षाही घेतली. मावशी लाडीगोडी लावून विचारत होत्या, पोरं ओठ मिटून खुदखुदत होती.

बातमीदार संध्याकाळपर्यंत फुटणार, अशी बाईंची खात्री होती. पण बुधवारी त्याची आईच फाटकाशी म्हणाली, "बाई, हा काहीतरी लपवतोय हो. विचारलं की ओठच आत ओढून घेतो."

बाईंना केवढा आनंद झाला! आपल्या डोक्यात आहे ते समोरच्याला दिसत नसतं, हे मूल ज्या दिवशी ओळखतं तो दिवस त्यांना पहिल्या पावलाइतका मोठा वाटे. त्यांनी वहीत तसं टिपून ठेवलं आणि सगळ्या वर्गासमोर बातमीदाराच्या सदऱ्यावर लाल कागदाची चांदणी चिकटवली. "गुपित कसं ठेवायचं ते याच्याकडून शिका."

गुरुवारी सव्वाअकराला मुलं अंगणातून परतली. एकाचा गुडघा फुटला होता म्हणून बाई आत मोरीपाशी तो धूत होत्या. दारातून आवाज येत होता, "आहे... आहे... आहे..." सातही जोड्या झाल्या. मुलं आपापल्या चटयांवर बसली, आणि गाणं सुरू करायला बाईंनी हात वर केला तो तसाच राहिला. खिडकीजवळची चटई रिकामी होती.

"भिंगरी कुठंय?"

"शू करायला गेली असेल," मावशी म्हणाल्या.

ती तिथे नव्हती. दारामागे नव्हती, घसरगुंडीखाली नव्हती. बाई फाटकाकडे धावल्या. फाटकाची कडी लावलेली होती, पण ती वर कशी करायची ते भिंगरी मागच्याच आठवड्यात शिकली होती, आणि त्याचंही बाईंनी कौतुक केलं होतं. फाटकाबाहेर रस्ता, आणि रस्त्यावर एकामागून एक मालाचे ट्रक. समोरच्या दुकानात सुतार फळीला रंधा मारत होता.

"एक लहान मुलगी बाहेर आली का हो? पिवळ्या फ्रॉकमधली?"

"मी सकाळपासून इथंच आहे बाई. मांजरसुद्धा बाहेर आलं नाही." त्याने रंधा खाली ठेवला. "मी बघतो पुढच्या वळणापर्यंत. तुम्ही आत बघा."

त्यांनी आत सगळं पुन्हा पालथं घातलं. अडगळीच्या खोलीत मावशी जाऊन आल्या, मग बाई जाऊन आल्या. वाळणाऱ्या थाळ्या, तुटका घोडा, गुंडाळलेल्या सतरंज्या, नाटकाच्या कपड्यांची लोखंडी पेटी. पेटीला बाहेरून कडी. बाईंनी सतरंज्या उलगडून पाहिल्या आणि त्या परत फिरल्या. हाका मारून त्यांचा घसा बसला होता. उत्तर कुठूनच नव्हतं.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की दारात भिंगरीसाठीही कुणीतरी "आहे" म्हणालं होतं.

त्या बातमीदारासमोर उकिडव्या बसल्या. "राजा, तू मावशींना सांगितलंस ना, भिंगरी आहे म्हणून?"

"आहे."

"कुठे आहे?"

त्याने ओठ आत ओढून घेतले. डोळे मात्र हसत होते. पोराला भीती नव्हती, चिंता नव्हती. सगळे शोधतायत आणि कुणालाच सापडत नाही, याची नुसती मजा वाटत होती त्याला.

"मला सांग. मला सांगितलं तर चालतं."

त्याने जोरात मान हलवली. तो धडा बाईंनीच पक्का करून घेतला होता. अगदी मी विचारलं तरी.

"बाई, तुम्ही सरका," मावशी पुढे आल्या. "एक ठेवून देते. घडाघडा बोलेल."

"हात लावायचा नाही त्याला!"

"अहो, तिची आई साडेबाराला येईल. काय दाखवणार तिला?"

"रडायला लागला तर काहीच हाती लागायचं नाही, मावशी. घाबरलेलं मूल घाबरण्यापलीकडे काही करू शकत नाही." पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून बाई जवळजवळ कुजबुजत होत्या. घड्याळात बारा वाजायला दहा कमी होते, म्हणजे खरं तर तीनच. भिंगरी अशी पाऊण तास गप्प राहणारी पोर नव्हती. ती गप्प आहे, म्हणजे... पुढचा विचार बाई मनात येऊ देत नव्हत्या, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता.

त्या बातमीदाराच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत राहिल्या. हे तोंड तीन दिवसांपूर्वी बंद व्हायला शिकलं. पण फक्त तोंडच. बाकीचं अंग अजून तितकं हुशार झालं नसणार. गुपित राखणारं चार वर्षांचं मूल बोलत नाही, पण बघू नये तिथे बघतं, जाऊ नये तिथे जातं.

बाई उठल्या. टाळी वाजवून, रोजचाच आवाज कसाबसा गळ्यातून ओढून काढत त्या म्हणाल्या, "चला, पाणी प्यायची वेळ झाली! आज प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला पाणी नेऊन द्यायचं. बघू कोण न सांडता नेतं."

मावशी वेड लागल्यासारख्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. बाईंनी नजरेने त्यांना दटावलं. मुलं माठापाशी गर्दी करू लागली. बातमीदाराने पेला भरला, दोन्ही हातांत धरला आणि जीभ बाहेर काढून एकेक पाऊल टाकत तो निघाला. चटयांकडे नाही. दाराकडे. बोळातून, भिंतीला कोपर घासत, पाणी सांडत. बाई चार हात मागून चालत होत्या. त्याला उचलून पळत सुटावंसं वाटत होतं, आणि पळायचं नव्हतं.

तो अडगळीच्या खोलीत शिरला. पेटीसमोर थांबला. त्याने पेला पेटीच्या झाकणावर ठेवला आणि काहीही न बोलता बाजूला उभा राहिला.

बाईंनी झडप घातली. पेला घरंगळला. कडी कोयंड्यावर घट्ट दाबून बसवलेली होती, छोट्या हातांनी, मन लावून. बाहेरून कडी लागलेल्या पेटीत कुणी मूल शोधतं का! झाकण उघडलं तसा आतून दमट, गरम वास आला. राजाराणीच्या झग्यांवर भिंगरी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे.

बाईंनी तिला उचललं. मान खांद्यावर लुळी पडली. त्यांनी गालावर थोपटलं, पाठ चोळली, सांडलेल्या पाण्याने तोंड पुसलं. श्वास चालू आहे का ते कळत नव्हतं, कारण त्यांच्या स्वतःच्याच छातीची धडधड कानात वाजत होती. मावशी दारात येऊन नुसत्याच "अगं बाई, अगं बाई" म्हणत होत्या. पेटीचा तळ एका कोपऱ्यात गंजून बोटभर फाटला होता, म्हणून थोडी हवा तरी आत गेली. एरवी काय झालं असतं, ते बाईंनी पुढे आयुष्यभर स्वतःला सांगून पाहिलं.

भिंगरी खोकली. मग डोळे किलकिले करून तिने विचारलं, "सापडले मी?"

बाई खाली बसल्या. त्यांना रडता येईना. तेवढ्यात कुणीतरी त्यांची बाही ओढली.

"बाई, मी नाही सांगितलं," बातमीदार म्हणाला. "कुणालाच नाही. तुम्हालापण नाही." आणि छाती पुढे काढून तो उभा राहिला. सदऱ्यावर आधीच्या चांदणीशेजारी भरपूर जागा होती.

बाईंनी भिंगरीला उचललं आणि अंगणात वाऱ्यावर नेलं.

साडेबाराला भिंगरीची आई आली. ती रुग्णालयात परिचारिका होती, गणवेशातच यायची. तोवर भिंगरी दोन पेले पाणी पिऊन, तोंड धुऊन मावशींच्या मांडीवर बसली होती.

"बाई," मावशी कानाशी लागल्या, "पोर हसतंय. झालं ते गेलं. कशाला उगाच... शाळा बंद पडेल हो."

आईने लेकीच्या मानेवर हात ठेवला. "केवढी घामेजलीय ही! काय करत होतीस गं?"

भिंगरीने बाईंकडे पाहिलं, सांगू का असं विचारणाऱ्या डोळ्यांनी. आणि ओठ हळूच आत ओढून घेतले.

अर्ध्या तासापूर्वीची भीती बाईंना काहीच वाटेनाशी झाली, इतकी ही नवी भीती मोठी होती.

"बसा," त्या आईला म्हणाल्या. "ती पेटीत बंद होती. आमच्याकडे. पाऊण तास तरी. माझं लक्ष नव्हतं, आणि तिने गप्प राहावं हेही मीच शिकवलं होतं."

आई लहानग्या चौरंगावर मटकन बसली. तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं आणि बाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की दुसऱ्या कुणी मान खाली घातली असती. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून सांगतच राहिल्या. दार उघडं का होतं, कडी कशी लागली, मोजलं का नाही.

बातमीदार हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकत होता. बाई गुपित फोडत होत्या! तो धावत आला, टाचा उंचावून त्याने आपला ओला तळवा बाईंच्या तोंडावर दाबला. "श्श! बाई, श्श!"

बाईंनी तो हात बाजूला केला. सोडला मात्र नाही, आपल्या मुठीत धरून ठेवला, आणि आईकडे बघत पुढचं सांगायला लागल्या.