दोन किलोला थोडा कमी

मी दोन किलोचं लोखंडी वजन बोलतोय. शाळेबिळेत गेलेलो नाही. मला एकच आकडा येतो, दोन, तोही कपाळावर आहे म्हणून. गोड बोलायला जमणार नाही. ऐकायचं तर ऐका.

माझा जन्म बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीतला. सहा कोनांचं अंग, वर धरायला कडी आणि तळाला अंगठा जाईल एवढी खोबण. वजन बरोब्बर भरेपर्यंत त्या खोबणीत शिसं ओततात आणि शिशावर सरकारी माणूस शिक्का मारतो. शिक्का नसेल तर वजन कसलं, नुसतं ढेकूळ. वेळोवेळी तपासणी झाली, मी एकदाही नापास नाही. तुमच्यातल्या कितीजणांना असं सांगता येईल?

त्याच शहरात मल्लेश्वरमला जयसिंगरावांच्या किराणा दुकानात मी पस्तीस वर्षं तांदूळ-डाळ तोलली. माणूस महातिरसट. गिऱ्हाईक म्हणालं, "अण्णा, स्वल्प जास्त घाला," की मला तराजूतून उचलून त्याच्या तोंडासमोर उलटा धरायचे. "शिक्का बघ आधी. मग बोल!" पुढं दुकान बंद झालं. बाकीची वजनं भंगारात गेली. मला मात्र पंच्यात गुंडाळून त्यांनी नेलमंगलापलीकडच्या गावी नेलं. का, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्यांचा मुलगा रणजीत पीण्यातच लेथवर होता. एकदा जड जॉब उचलताना कंबर धरली. कुणीतरी दुखण्याची गोळी दिली. दुखणं गेलं, गोळी राहिली. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या दहा. नाही घेतली तर नाक गळायचं, हातपाय तुटायचे, रात्रभर तळमळ. नोकरी गेली. बायको सौम्या त्याला गावी घेऊन आली. गाव म्हणालं, व्यसन आहे. जयसिंगराव म्हणाले, माज आहे. बंगळूरच्या डॉक्टर वाणी म्हणाल्या, आजार आहे, आणि त्याला औषध आहे.

पहिल्यांदा नवराबायको त्यांच्याकडं जाऊन आले. पण दर आठवड्याला दोन बस बदलून जायला ती कंबर कुठली? म्हणून असं ठरलं. औषध तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून सौम्यानं आणायचं, कुलपात ठेवायचं, रोज एक गोळी द्यायची. मंगळवारी चार वाजता डॉक्टर फोनवर समोरासमोर बघणार. गोळी जिभेखाली. गिळायची नाही, पाणी नाही, विरघळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

फोन काही उभा राहीना. पिठाच्या डब्याला टेकवला, घसरला. जयसिंगरावांनी मला आणून ठेवलं. "ह्याला टेकव. हा हलणार नाही." म्हातारपणी मला नोकरी लागली! फोनचं तोंड घराकडं, पाठ माझ्याकडं. डॉक्टरांना सगळं घर दिसायचं, एक मी सोडून.

नेमकं हेच रणजीतनं हेरलं. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यानं मला उलटा केला, स्क्रूड्रायव्हरनं शिसं उचकटलं, जुन्या गोळ्यांतल्या सात खोबणीत कोंबल्या आणि वर मेण लावलं. लेथवरचा हात, कुठं ओरखडा नाही. माझा शिक्का परसात भिरकावला! असा संताप आला म्हणता! पण मेण लावताना तो घडीघडी दाराकडं बघत होता. "लागल्या तर," तो पुटपुटला. "नुसत्या असू देत." भ्यालेला माणूस तो. त्याच्यावर किती वेळ रागावणार?

डॉक्टर दर मंगळवारी विचारायच्या, "जुन्या गोळ्या घरात आहेत? ह्या औषधावर त्या घेतल्या तर जिवावर बेतेल. असतील तर सांगा, मी ओरडणार नाही."

"नाहीत, डॉक्टरम्मा." रणजीत सांगायचा, माझ्याकडं न बघता.

चौथा मंगळवार. सौम्यानं गोळी दिली, रणजीतनं जिभेखाली ठेवली. डॉक्टर हसून म्हणाल्या, "तुमचा फोन कसा स्थिर असतो हो! बाकीच्यांकडं मला नुसता पंखा दिसतो."

झालं. जयसिंगराव फुगले. "अहो, आमच्या दुकानाचं वजन आहे ते! पस्तीस वर्षांचं. थांबा, शिक्काच दाखवतो." आणि माझ्या कडीला हात घातला.

रणजीतला बोलता येईना. त्यानं झडप घालून मला दाबून धरलं.

"सोड की रे! डॉक्टरम्मा काय पळवून नेतात?" म्हातारा ओढतोय, पोरगा दाबतोय, फोन आडवा झाला.

सौम्यानं नवऱ्याचा चेहरा पाहिला. "मामा, थांबा स्वल्प."

ते थांबले. रणजीत माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं मला स्वतःच उचललं, उलटं केलं, नखानं मेण काढलं. सात गोळ्या टेबलावर सांडल्या. डोळ्यांतून पाणी, जिभेखाली औषधाची गोळी तशीच.

जयसिंगरावांनी खोबण पाहिली. मला वाटलं, आता माझ्यानंच पोराचं डोकं फोडतात. त्यांनी शिसं गेलेल्या जागेवरून नुसता अंगठा फिरवला.

सौम्यानं फोन सरळ धरला. "रणजीतअण्णा," डॉक्टर म्हणाल्या, "आधी तोंडातली विरघळू दे. घाई नाही. मी इथंच आहे."

गोळी विरघळायला सात-आठ मिनिटं लागली. एवढा जड वेळ मी उभ्या जन्मात तोलला नाही.

"किती ठेवल्या होत्या?"

"सात."

"आणि आता?"

"सातच."

"म्हणजे इतके दिवस हाताशी होत्या, आणि घेतल्या नाहीत. औषध लागू पडतंय अण्णा. सौम्या, उद्या त्या दवाखान्यातल्या नर्सअक्कांकडं देऊन या."

"उद्या कशाला?" सौम्यानं गोळ्या पदरात बांधल्या नि ती तशीच निघाली.

"अप्पा, शिसं आणून भरून देतो," रणजीत म्हणाला.

"नको," म्हातारा म्हणाला. "भोक दिसलेलं बरं."

आता दर मंगळवारी रणजीत आधी मला उलटा धरून फोनला खोबण दाखवतो. डॉक्टर म्हणतात, "सरी, ठीक आहे, ठेवा." मग काम सुरू. दसऱ्याच्या सुमारास एकदा त्यानं बाहेरून गोळी आणून घेतली. पण सांगितलं ते आपल्या तोंडानं. डॉक्टर ओरडल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी फोन पुन्हा माझ्या अंगाला टेकला.

मी दोन किलोला कमी भरतो, कबूल. बाजारात मला पकडतील. पण मायबापांनो, मला पुन्हा भरू नका.

कारण परवाच शेजारचे व्यंकोजी आले होते. आपलाही पोरगा गोळ्या खातो, हे कानाशी येऊन कुजबुजत होते, लाजेनं मान खाली. जयसिंगरावांनी मला उचललं, त्यांच्या तोंडासमोर उलटा धरला आणि ओरडले, "हे आमच्या घरचं भोक बघ आधी. मग बोल!"