लायसन्साची बारी

हर्षद माझा धाकटा भाऊ, आणि अक्कल कुठेतरी गहाण टाकून आलेला. नाहीतर दुसऱ्याचा मृदंग वाटत सुटला नसता!

त्याने कोकणातल्या जाखडी नाचाच्या मंडळांसाठी संगीताचं सॉफ्टवेअर बनवलं. ओपन सोर्स. कुणीही घ्या, बदला, वाटा. वर्षभर त्यातच डोकं घालून बसला होता. त्यात त्याने राजापूरच्या दर्शनचा मृदंगाचा प्लगिनही घालून दिला, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा आवाज. दर्शनच्या लायसन्सात साफ लिहिलेलं: फुकट वापरा, पण दुसऱ्या कशात घालून वाटू नका. हर्षद म्हणे, "फुकट आहे ना गो ताई? मग वाटायला कसली हरकत?" हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

गणपती तोंडावर आलेले, मंडळांनी सॉफ्टवेअर उतरवून घेतलेलं. दर्शन नाही म्हणाला असता तर ते सगळं मागे घ्यावं लागलं असतं. हर्षदने घाबरत परवानगीचा मेल टाकला. उत्तर आलं, "रविवारी बारीला भेटू."

बारीला म्हणजे गाठ माझ्याशीच. जाखडीत दोन बाजू, शक्तीवाले आणि तुरेवाले. दर्शन तुरेवाल्यांचा शाहीर, मी शक्तीवाल्यांची. बारीत एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. अडखळला तो हरला.

रविवारी दुपारी रत्नागिरीच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दर्शनने मिशीतल्या मिशीत हसत सवाल टाकला:

"फुकट दिला मृदंग माझा, वाजव तुझ्या घरात,
कोणाला पुसून वाटलास गो तू गावभरात?"

"आता काय करशील गो योगिनी?" पब्लिक ओरडलं. शक्तीवाले भर बारीत चूक कबूल करत नाहीत, मेले तरी. पण माझ्या भावाचं वर्ष पाण्यात जात होतं. जीव जळत होता माझा. मी आमचा मृदंग वाजवणारा लॅपटॉप बंद करायला लावला आणि नुसत्या टाळांवर गायले:

"भाऊ माझा शहाणा मोठा, वाचलं नाही पान,
चूक आमची, पदर पसरते, राखा त्याचा मान."

दर्शन जबाबाला उठला, तेवढ्यात त्याच्याच मंडळाचा वादक रितेश त्याच्या कानाशी लागला. माईक चालू होता मेल्याचा!

"दादा, जरा बेताने घ्या. आपला मृदंगपण हर्षदच्याच सॉफ्टवेअरातून घेतलाय. तुमच्या वेबसाइटवरून उतरवायची फार कटकट होते."

हशा असा उठला की पत्रे हलले. दर्शन लालबुंद झाला, मग त्यालाच हसू आवरेना.

"परवानगी दिली," तो माईकवर म्हणाला, "लेखी देतो. पण ज्याने लायसन्स वाचलं नाही, त्याने आत्ता इथे उभं राहून वाचायचं. चालीत!"

हर्षदचा गळा म्हणजे फुटकी घागर. बिचारा घाम पुसत पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत गायला. "लेखी परवानगीशिवाय वाटू नये" या ओळीला वन्स मोअर मिळाला. सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले.