जावईबापू नापास

"माझ्या टूथब्रशचा रंग कोणता?" हर्षिताने विचारलं.

काइलने गाडी चालवता चालवता बराच विचार केला. "हिरवा?"

"जांभळा! अरे, जांभळा! काल सांगितला, आज सकाळी तर नाकासमोर धरून दाखवला!"

"मग हिरवा कोणाचा?"

"तुझा!"

हर्षिताने कपाळाला हात लावला. इमिग्रेशनचं ऑफिस जवळ येत चाललं होतं आणि ह्या माणसाला स्वतःच्या ब्रशचा रंग धड सांगता येत नव्हता. आजच्या मुलाखतीत तिथल्या अधिकाऱ्याला पटायला हवं होतं की लग्न खरं आहे, कागदासाठी केलेलं नाही. पटलं तर ग्रीन कार्ड. नाही पटलं तर हर्षिताने सामान बांधायचं, आणि काइलने स्टेट कॉलेज नावाच्या त्या गावात एकट्याने बस चालवत बसायचं.

बस चालवणं हेच त्याचं काम. युनिव्हर्सिटीत माती तपासायच्या लॅबमधून सुटून ती धावत यायची आणि हा दार उघडं ठेवून थांबायचा. मागची पोरं ओरडायची, पण हा ढिम्म. त्या थांबण्यातूनच पुढचं सगळं झालं. कोर्टात सह्या, अपार्टमेंटमध्ये बुद्धवंदना, नागपूरहून व्हिडिओ कॉलवर आईबाबांचा आशीर्वाद. झालं लग्न! आता ते खरं आहे हे सिद्ध कसं करायचं? प्रेमाला पुरावा म्हणून काय जोडतात, लाइट बिल?

बाबांना मात्र यात काही अवघड वाटलं नव्हतं. रामभाऊ मेश्राम म्हणजे गणिताचे सर. दहावीच्या पोरांकडून अपेक्षित प्रश्नसंच घोकून घेण्यात त्यांची हयात गेली होती.

"मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षाच ना? मग अपेक्षित प्रश्न काढा, उत्तरं पाठ करा. झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे."

आणि दर रविवारी सकाळी ते फोनवर जावयाची तोंडी घेऊ लागले, आपल्या खणखणीत इंग्रजीत. पडद्यांचा रंग काय? सासरे काय करतात? काइल चुकला की तिकडे टेबलावर पट्टी वाजायची. "जावईबापू, नापास! पुन्हा."

"बाबा, तो ड्रायव्हर आहे, दहावीला नाही बसला!"

"तू गप. पाठ केलंस म्हणूनच तिथवर पोचलीस ना?"

ते तर खरंच होतं. काइलला पहिला मराठी शब्द आला तो 'नापास'. फोन सुरू झाला की आधी तोच हसून विचारायचा, "बाबा, नापास?" आणि बाबा खूश.

मुलाखतीची तारीख मात्र लागायची आणि कॅन्सल व्हायची. फोन लावला की मशीन बोलायचं, माणूस कधीच नाही. वैताग नुसता! त्यात अर्ज चालू असताना परवानगीशिवाय देश सोडला की अर्ज बाद. अशातच फेब्रुवारीत बाबा गेले. झोपेतच, हार्ट अटॅकने. हर्षिताने प्रवासाची परवानगी मागितली. ती आली, पण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून गेल्यावर. तो तिने फोनवर पाहिला, आणि त्यातही मध्येच नेटवर्क गेलं. ती चडफडली, पण रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रश्नसंच घेऊन काइलच्या मागे लागली.

ऑफिसात दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी हर्षिताला. चष्म्यातून पाहणारी एक थकलेली बाई होती. प्रश्न पुरता व्हायच्या आत हर्षिताचं उत्तर तयार. पडदे पिवळे. काइलचा वार्षिक सुट्टीचा महिना जुलै. आईवडील? आई कांता, गृहिणी. वडील रामभाऊ, निवृत्त शिक्षक, नागपूरला असतात, प्रकृती उत्तम. एकदाही अडखळली नाही ती.

मग काइल आत गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला.

"टूथब्रश?" हर्षिताने विचारलं.

"विचारलाच नाही. पडदे चुकलो."

"काय रे यार, काइल!"

तेवढ्यात दोघांना परत आत बोलावणं आलं.

"तुमच्या उत्तरांत एक मोठा फरक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता वडील नागपूरला असतात. तुमचे मिस्टर म्हणतात, ते फेब्रुवारीत वारले."

हर्षिता ताडकन काइलकडे वळली. "इतका सोपा प्रश्न होता! बाबांनी स्वतः किती वेळा तुझ्याकडून—"

आणि तिथेच तिला उमगलं, घोकलेलं जुनं उत्तर तिनेच दिलं होतं.

काइलच बाईंना म्हणाला, "तिला जाता आलं नाही. रविवार आला की ती अजून फोन पूर्ण चार्ज करून ठेवते."

हर्षिताने तोंडावर हात दाबला, पण आता काही उपयोग नव्हता. फेब्रुवारीपासून साठलेलं रडू तिथे, त्या परक्या टेबलासमोर फुटलं. काइलने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि घाई न करता थांबल्या.

"पाठ केलेली उत्तरं मी रोज ऐकते, हे तसं नव्हतं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी मंजूर करतेय. कार्ड पोस्टाने येईल. मग तुम्ही परवानगी न मागता घरी जाऊन येऊ शकाल."

"थँक यू," हर्षिता म्हणाली. आईला भेटायला जायचंच होतं. पण बाबा नसलेल्या घरात कार्ड मिरवत शिरायचं, ह्या विचाराने तिला पुन्हा भडभडून आलं.

गाडीत बसल्यावर काइलने किल्ली फिरवली नाही. "बाबांनी शिकवलेलं एकही उत्तर मी नीट दिलं नाही," तो म्हणाला. मग भीत भीत मराठीत विचारलं, "नापास?"

हर्षिताने नाक पुसलं. पट्टी नव्हती, म्हणून डॅशबोर्डवर दोन बोटं वाजवली.

"पास, जावईबापू."

बाबांनी हा शब्द त्याला कधीच दिला नव्हता.