ओटीपीचे शेवटचे दोन आकडे

सासऱ्यांचा दारं-खिडक्या बनवायचा कारखाना होता आणि त्याचं ऑफिस सतरा वर्षं थोरल्या सुनेनं एकहाती सांभाळलं होतं. मग धाकटी सून आली. कॉम्प्युटरवर तिचा हात भराभर चालायचा. सहा महिन्यांत पैसे पाठवायचं काम तिच्याकडे गेलं आणि थोरलीकडे उरली बिजागऱ्या-कड्यांची मोजदाद. जेवताना सासरे म्हणायचे, धाकटीनं ऑफिसला वळण लावलं. थोरलीच्या मनात यायचं, म्हणजे सतरा वर्षं ऑफिसला वळणच नव्हतं की काय?

त्या दिवशी सकाळी ती पावती छापायला धाकटीच्या टेबलाशी गेली. धाकटी बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होती. स्क्रीनवर लाकूडवाल्यांची मेल उघडी होती: आमचं खातं बदललंय, या वेळचे पैसे खालच्या नव्या खात्यात आजच भरा, नाहीतर माल निघणार नाही. थोरली थबकली. लाकूडवाले कधी घाई करत नसत. उलट मालासाठी त्यांच्याच मागे लागावं लागे. तिनं पाठवणाऱ्याचा पत्ता निरखून पाहिला. नावातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' खेटून बसवले होते. घाईत बघणाऱ्याला तो एमच वाटावा.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कळू दे एकदा सगळ्यांना, कसलं वळण लागलंय ते. पावती घेऊन ती गोदामात परतली. बिजागऱ्या तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला.

तासाभरानं धाकटी दारात आली. बँकेत अजून थोरलीचाच मोबाइल नंबर होता, त्यामुळे ओटीपी तिच्याकडे यायचा. नंबर बदलायचा राहून गेला होता आणि थोरलीनंही कधी विषय काढला नव्हता.

"ताई, आला का?"

थोरलीनं चार आकडे वाचले आणि थांबली. धाकटी पेन धरून पुढच्या दोन आकड्यांची वाट बघत होती. तिला कशाचीच कल्पना नव्हती. बाहेर सुतारांचा रंधा चालला होता. त्यांचे पगार कारखान्याच्या याच खात्यातून व्हायचे.

"आधी लाकूडवाल्यांना फोन लाव," थोरली म्हणाली. धाकटी मेलखालचा नंबर लावू लागली. "तो नको. जुन्या बिलावरचा."

लाकूडवाल्यांनी सांगितलं, खातं तेच आहे, अशी मेल आम्ही पाठवलेलीच नाही. धाकटीनं पैसे भरणं तिथंच रद्द केलं.

दुपारी सासरे आल्यावर तिनं काही न लपवता सगळं सांगितलं: मी पैसे भरतच होते, ताईंनी अडवलं. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चूक अशी तोंडावर कबूल करायला धाडस लागतं, म्हणाले. थोरलीला नुसतं "बरं झालं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चुकली ती, आणि शाबासकीही तिलाच.

ते गेल्यावर धाकटीनं विचारलं, "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "सकाळीच," थोरली म्हणाली. "तू बाहेर होतीस तेव्हा."

धाकटीनं दुसरी खुर्ची ओढून आपल्या टेबलाशी लावली. खातं बदलल्याची मेल आली तर यापुढे दोघींनी बघायची आणि फोन तुम्ही करायचा, असं ती कोरड्या आवाजात म्हणाली.

थोरली बसली. जागा परत मिळाली होती, पण ती धाकटीनं दिली होती, आणि तेच तिला काही केल्या सहन होत नव्हतं.